पाय न टेकणारे दळवीकाका

आमच्या अंधेरीच्या सोसायटीत रोज संध्याकाळी सर्कस चालायची, तीही फुकट. साठीला टेकलेले दळवीकाका कंपाउंडच्या मधोमध सायकलवर बसून जागच्या जागी उभे राहायचे. सायकल पुढे जायची नाही, मागे जायची नाही आणि काकांचा पाय जमिनीला लागायचा नाही. हँडल किंचित वाकडं, दात आवळलेले आणि चेहरा दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखा.

"काका, तंबूत कधी जाताय?" मी गॅलरीतून विचारायचो.

"हस लेका. समजा, कुठे थांबावं लागलं आणि पाय टेकता आला नाही, तर?"

आता सायकलवाल्याला पाय टेकायला कोण मनाई करणार? पण काकांच्या 'समजा'शी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गॅस बंद केलाय का, हे बघायला ते नाक्यावरून परत यायचे. परत आल्यावर कुलूप लावलं का, म्हणून पुन्हा परत. सायकलला दोन पंप बांधलेले, कारण समजा, एक बिघडला. खिशात कायम कांदा, कारण समजा, ऊन लागलं. कॅरिअरला सुंभाची दोरी कशासाठी, ते मी विचारलं नाही. ऐकून मलाच धडकी भरली असती.

असा माणूस दर रविवारी सायकलवरून मढला चक्कर मारायचा! मालाडवरून मार्वे, तिथून अक्सा, एरंगळ, मढ, मग खाडी ओलांडणाऱ्या तरीत सायकल घालून वर्सोवा आणि घरी. रस्ता झकास होता. एका बाजूला माडांच्या वाड्या, मधूनच झाडांतून दिसणारा समुद्र, बांबूवर वाळणारे बोंबील. पण टेम्पोचा हॉर्न ऐकून फुटपाथवर चढणाऱ्या माणसाला हे व्यसन लागलं कसं, ते कळायचं नाही. बरं, कुणाला बरोबर नेतील तर तेही नाही.

म्हणून एका शनिवारी ते माझ्या दारात आले आणि "उद्या माझ्याबरोबर चल रे," म्हणाले, तेव्हा मी चाटच पडलो.

मी भाड्याची सायकल घेतली. तिचा ब्रेक तिच्या मर्जीने लागायचा. मार्वेपर्यंत काकांनी त्या ब्रेककडे बघितलंही नाही. 'समजा' नाही, काही नाही. अक्साला चहा घेतला, तर त्यांनी निम्मा बशीतच ठेवला.

"काका, बरं नाही काय?"

"शैलाच्या घराला कुलूप आहे," ते म्हणाले. "मागच्या रविवारी होतं. त्याच्या आधीच्याही."

शैला त्यांची एकुलती एक मुलगी. काकू गेल्यानंतर दोघंच होती. तिने एरंगळच्या बेनीशी, एका ख्रिश्चन मुलाशी, कोर्टात लग्न केलं, तेव्हा काका सगळ्या सोसायटीदेखत ओरडले होते, "रवळनाथाची शपथ, तुझ्या दारात पाय टेकणार नाही!" गावच्या देवाची शपथ. ती आम्ही विसरून गेलो होतो.

"मग तुम्ही दर रविवारी...?"

"मी तिच्याकडे जात नाही. मी चक्कर मारतो. वाटेत तिचं अंगण लागतं, त्याला मी काय करू? शिरतो, घंटी वाजवतो. ती दारात येते. बाबा, जेवलात का, म्हणते. तोल आहे तोवर बोलतो. तोल गेला की निघतो."

कंपाउंडमधली सगळी सर्कस माझ्या डोळ्यांसमोर आली.

"दिवस गेलेत तिला," काका म्हणाले. "समजा..." त्यांनी खिशातला कांदा चाचपला. "माका भिया वाटता रे. शेजारी विचारायची हिंमत झाली नाही. तुझी काय शपथ नाही. तू उतर आणि विचार."

"तुम्हीच उतरा ना आज!"

"आणि शपथ मोडली म्हणून पोरीला काही झालं, तर?"

एरंगळपर्यंत मी देवळं आणि रस्त्याकडेचे क्रूस, दोन्हींना हात जोडत गेलो. घराला कुलूप नव्हतं, पण दार लोटलेलं होतं. काका अंगणात शिरले आणि जागच्या जागी उभे राहिले. घंटी वाजवायची सोडून ते नुसते दाराकडे बघत होते. मी उतरून कडी वाजवली.

शैलाच्या सासूबाई बाहेर आल्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी अंगणात पाहिलं आणि आत हाक मारली, "शैला, तुजा बापूस आयलाय गो!"

शैला हळूहळू बाहेर आली. डोक्याला फडकं बांधलेलं, चेहरा ओढलेला, हातात दुपट्याचं गाठोडं.

"हॉस्पिटलात होते बाबा. जड गेलं जरा. सगळे तिकडेच होतो. काल घरी आल्यावर बेनी तुम्हाला कळवायला निघाला होता. मीच म्हटलं, थांब, रविवारी येतीलच ते."

काकांचं हँडल गर्रकन वळलं. सायकल मात्र पडली नाही. सराव दांडगा होता.

"मुलगी आहे," ती अगदी चाकाजवळ येऊन म्हणाली. "घ्या."

"समजा, पडली..."

"मग नीट धरा. दोन्ही हातांनी."

काकांनी एक हात सोडला. हँडल डगमगलं. त्यांनी नातीकडे पाहिलं, खाली अंगणाकडे पाहिलं आणि दुसराही हात सोडून तिला घेतलं. एक चप्पल शैलाच्या दारात टेकली, मग दुसरी. सायकल दोन्ही पंपांसकट धाडकन आडवी झाली. काकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काका, शपथ..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"रवळनाथाला मी बघून घेईन," काका रडत रडत माझ्यावर खेकसले आणि मग शैलाकडे वळले. "आणि तू काय उन्हात उभी राहिलीस? समजा, पोरीला ऊन लागलं म्हणजे? चल आधी आत!"

आणि उंबरा ओलांडून तेच पहिले आत गेले.