बिशपच्या मानेवरच्या सुया

"एकवीस मार्च! त्या दिवशी बिशप जाणार, आणि त्याच गाडीतून मी!" डिम्फनाने स्वयंपाकघरात जाहीर केलं. जाहीर केलं ते कुत्र्याला. भाऊ फिंटन समोरच बटाटे सोलत बसला होता, पण त्याच्याशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती.

कारण? पियानो! ती दोन दिवस एका लग्नाला गेली, तेवढ्यात या गृहस्थाने आईचा पियानो देऊन गवत ओढायचं यंत्र आणलं. ती परत येऊन बघते तो कोपरा रिकामा! तेव्हापासून बहीणभावाचं जे काही बोलणं व्हायचं ते टॉपर नावाच्या या कुत्र्यामार्फत. "टॉपर, त्या माणसाला सांग, चहा झालाय." "टॉपर, त्या बाईला सांग, साखर कमी पडलीय." आयर्लंडातल्या आमच्या लीट्रिम परगण्यात न बोलणारी घरं तेव्हा पुष्कळ होती, पण एवढा दमलेला कुत्रा दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हता.

मग ती घर सोडून गेली का नाही? वडिलांना शेवटच्या घटकेला दोघांनी शब्द दिला होता, की गोठ्यात जनावर आहे तोवर मिळून सांभाळू. आता एकच उरलं होतं. खाटकासाठी वाढवलेला हा बैल. पोट पुढे काढून इतका संथ आणि रुबाबात चालायचा, की त्याचं नावच बिशप पडलं. तो गेला की डिम्फना मोकळी! गॉलवेला तिच्या भाचीने समुद्राकडे खिडकी असलेली खोली ठेवली होती. "पण जूनपर्यंतच राखून ठेवीन हं मावशी," ती फोनवर म्हणाली, "मग भाडेकरू येतोय."

फेब्रुवारीत बिशपला न्यूमोनिया झाला होता, तो खराखुरा. गुरांची डॉक्टर रोशीन आली, अँटिबायोटिकची बाटली दिली, मानेच्या कातडीखाली सुई कशी द्यायची ते दाखवलं. "दुसरी सुई दोन दिवसांनी. शेवटच्या सुईपासून अठ्ठावीस दिवस याला खाटकाकडे पाठवायचं नाही. औषध मांसात राहतं. वहीत तारीख लिहा. कळलं ना?"

दोघांनीही माना डोलावल्या, पण दोन वेगळ्या भिंतींकडे बघून.

दुसरी सुई वीस फेब्रुवारीला दिली. बैल बरा झाला. वीस मार्चला डिम्फनाने ट्रंक भरली आणि सहज वही उघडली. बघते तो फिंटनच्या अक्षरात नवी ओळ! "१९ मार्च. खोकला. मानेत, डावीकडे."

म्हणजे पुन्हा अठ्ठावीस दिवस!

"टॉपर! त्या माणसाला विचार, बैल खोकला कधी?"

"टॉपर, त्या बाईला सांग, पहाटे. ती घोरत होती."

"टॉपर, मी घोरत नाही म्हणून सांग!"

टॉपर टेबलाखाली गेला.

एप्रिलात तेच! "१५ एप्रिल. खोकला. उजवीकडे." गाडीवाला गस रिकामाच परत गेला. आता डिम्फना विणकाम घेऊन गोठ्यातच बसू लागली. बैलाच्या बरगड्यांना कान लावून ऐकायची. आत चर्चच्या ऑर्गनच्या भात्यासारखा स्वच्छ श्वास! पोस्टमनने फाटकातून हाक मारली, "काय डिम्फना, बिशपपुढे पापांची कबुली चाललीय वाटतं?"

"माझी नाही, दुसऱ्याची पापं सांगतेय!" ती खेकसली.

तरीही बारा मेला ती जेमतेम दुकानात जाऊन आली, तेवढ्यात वहीत आणखी एक ओळ! आणखी एकदा असं झालं की खोली गेलीच. तिने डॉक्टरला बोलावलं.

रोशीनने बैल खोड्यात अडकवला, मानेवरून हात फिरवला आणि थबकली. "ही मान आहे की बटाट्याचं पोतं? गाठीच गाठी!" मग बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं. "याला फेब्रुवारीनंतर काहीही झालेलं नाही. फिंटन, का टोचताय याला?"

फिंटन आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "खोकला."

"गरज नसताना टोचत राहिलात तर खरं दुखणं येईल त्या दिवशी हे औषध पाणी ठरेल!" तिने बाटली खिशात घातली. फाटकाशी आल्यावर डिम्फनाला हळूच म्हणाली, "बरोबर आदल्या दिवशी खोकणारा बैल मी पाहिला नाही, मावशी. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"मूर्ख आहे तो! त्यात लक्षात काय यायचंय?"

गाडी गेली. डिम्फना फाटकातच उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं. फिंटनला बैलाचं काही पडलेलं नव्हतं.

पुढचे चार आठवडे तिने त्याला दिले. चहा स्वतः त्याच्यासमोर ठेवला, वर दोन चमचे साखर. मनाशी ठरवलं, 'राहा' एवढं एकदा म्हणाला, तर ट्रंक उघडायची. तोंड तो कितीदा तरी उघडायचा. दर वेळी आत बटाटा जायचा.

दहा जूनला गसची गाडी आली. मागे बिशप चढला, पुढे ट्रंक. फिंटन हातात टोपी घेऊन तिच्या समोर येऊन उभा राहिला. थेट तिच्याकडे बघत!

"डिम्फना," तो म्हणाला.

अकरा वर्षांनी त्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं! तिने गाडीच्या दाराची मूठ सोडली.

"तो खोकला होता गं."

तिने मूठ पुन्हा धरली.

"नव्हता, फिंटन," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

संध्याकाळी रस्त्यावर भोंगा वाजला. गसची गाडी! चौऱ्याहत्तर वर्षांचा फिंटन फाटक विसरून कुंपणावरून उडी मारून आला. गसने मागची फळी पाडली. बिशप उतरला, सावकाश, रुबाबात, आणि असा खोकला की फळी हादरली.

"दुपारपासून हेच!" गस म्हणाला. "खाटिकखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरने उतरवूच दिला नाही. म्हणाला, आजारी आहे, घरी न्या."

फिंटन वळसा घालून पुढे गेला. गाडीत डोकावला. सीट रिकामी होती.

"तिला बसमध्ये बसवून आलो," गस म्हणाला.

"तिने ऐकलं? हा खोकताना?"

"ऐकलं की! शेजारीच होती."

"मग? काय म्हणाली?"

गसने टोपी मागे सरकवली.

"म्हणाली, 'आता खोकून काय उपयोग?'"