डॉक्टर सरनोबतांचा साक्षीदार

डॉक्टर सरनोबतांना ‘काल पाऊस पडला’ असं सांगितलं तरी ते विचारतात, ‘साक्षीदार कोण?’ डब्लिनमध्ये राहून पावसाला साक्षीदार मागणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. एकदा त्यांच्याकडे जेवताना मी पांढरा रस्सा छान झालाय म्हणालो, तर त्यांनी माझीच वाटी पुढे ओढून एक घोट घेतला आणि मग मान हलवली. ‘आता झाला छान. ऐकीव आपल्याकडं चालत नाही.’

डॉक्टर डब्लिनच्या टॅला भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहेत. माणसांना झोपवणं हा त्यांचा व्यवसाय आणि ओळखीच्यांना झोपू न देणं हा छंद. मी जवळच सिटीवेस्टला राहतो, औषधांच्या कारखान्यात नोकरी करतो. आम्हा दोघांना जोडणारा धागा एकच, कोल्हापूरचं कॉलेज. ते माझ्या पंधरा वर्षं आधी तिथून बाहेर पडले आणि पुढे डॉक्टरकी शिकायला मिरजेला गेले. कॉलेजच्या फुटबॉल संघात ते राखीव खेळाडू होते. मी कॉलेजात असताना मैदानाचा उपयोग फक्त आडवं जायला केला. तरीही कॉलेजच्या महोत्सवी वर्षासाठी ‘जागतिक माजी विद्यार्थी क्रीडा-गौरव समिती, आयर्लंड विभाग’ स्थापन झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला सेक्रेटरी केलं. समितीत एकूण तीन माणसं होती. तिसरे शॅननचे पाटील, विमानदुरुस्तीतले इंजिनिअर. लेटरहेडवर मात्र आमची नावं अशी छापली होती, की वाचणाऱ्याला आयर्लंडचं सरकार आम्हीच चालवतो असं वाटावं.

समितीला काम एकच होतं. आमच्या कॉलेजात शिकून पुढे पगारावर फुटबॉल खेळलेल्यांपैकी कुणाचा हंगाम सर्वोत्तम, हे ठरवायचं. निकाल स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापला जाणार होता आणि त्या खेळाडूच्या नावाचा फलक जिमखान्याच्या हॉलमध्ये लागणार होता. असे खेळाडू मोजून चार. चौघांमधून एक निवडायला मला वाटलं दहा मिनिटं पुरतील. आम्हाला नोव्हेंबर ते मे लागले.

कारण डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत तीन नियम घातले. हंगाम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा. खेळाडूची स्वतःबद्दलची साक्ष चालणार नाही. आणि अध्यक्षाला साक्ष देता येणार नाही. अध्यक्ष तेच होते.

साक्षीदारांअभावी दोन खेळाडू नाताळच्या आधीच बाद झाले. एकाच्या बाजूनं त्याच्या बायकोनं पुण्याहून फोनवर सांगितलं, की हे फार छान खेळायचे. डॉक्टरांनी विचारलं, ‘वहिनी, तुम्ही मैदानावर होता?’ त्या म्हणाल्या, ‘मी कशाला जातेय?’ संपलं.

उरले दोघं. मुंबईत एका कंपनीकडून खेळलेला स्ट्रायकर बाळ माने आणि गोव्यात एक हंगाम खेळलेला गोलकीपर सदा चव्हाण. मानेंचा साक्षीदार म्हणजे आमचे पाटील, मानेंचा सख्खा भाचा. त्यांची उलटतपासणी झूमवर झाली.

‘त्या वेळी वय काय तुमचं?’

‘नऊ, सर.’

‘हातात काय होतं?’

‘हातात?’ पाटील गोंधळले. ‘भेळ असेल.’

‘म्हणजे नजर भेळेवर.’

‘सर, मामानं डाव्या पायानं मारलेला गोल मला आजही दिसतो!’

‘भेळ दिसते का?’

‘तीपण दिसते!’ पाटील चिडून ओरडले. पण साक्ष ग्राह्य धरली गेली. भेळेचा तपशील मी इतिवृत्तात घेतला, कारण डॉक्टरांनी घ्यायला लावला.

सदा चव्हाणांचा साक्षीदार कोण, हा प्रश्न मात्र पुढे पुढे ढकलला जात होता. मी विचारलं की डॉक्टर म्हणायचे, ‘आहे एक. वेळ आली की हजर करतो.’ दर बैठकीत डॉक्टर कॉलेजच्या संघातल्या आपल्या या दोस्ताबद्दल, सदाबद्दलच बोलायचे. हंगामातल्या शेवटच्या सामन्यात सदानं पेनल्टी अडवली आणि गोव्याच्या त्या संघाला विजेतेपद मिळालं. पुढच्याच महिन्यात गुडघा गेला आणि सदा कोल्हापूरला परतला. गेली तीस-पस्तीस वर्षं तो कॉलेजच्या मैदानाची देखभाल करतो. दर सामन्याआधी फक्की मारून रेषा आखतो. जिमखान्याच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात. फलक लागणार तो त्याच हॉलमध्ये.

मार्चमध्ये कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. टॅलाचं स्टेडियम आम्हा दोघांच्याही वर्तुळात बसत होतं. तिथं सामने सुरू झाले होते, पण प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. एका संध्याकाळी मी पाय मोकळे करायला निघालो, तर डॉक्टर स्टेडियमच्या भिंतीला कान लावल्यासारखे उभे. आतून बुटांचे, चेंडूचे आणि शिव्यांचे आवाज येत होते. एक गार्डा, म्हणजे इथला पोलीस, त्यांच्यापाशी थांबला.

‘ग्रँड आहात ना?’ त्यानं इंग्रजीत विचारलं. इथं ग्रँड म्हणजे ठीकठाक.

‘आय अ‍ॅम ओन्ली लिसनिंग,’ डॉक्टर म्हणाले.

गार्डानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तो गेला. ऐकीव न चालणारा माणूस भिंतीबाहेर उभा राहून सामना ऐकतो, याची मी पुढे महिनाभर सर्वांकडे टिंगल केली.

एप्रिलच्या शेवटी सदा चव्हाण कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखल झाला. ऑक्सिजन लागला. त्याची मुलगी मनीषा रोज डॉक्टरांना आकडे कळवायची. डॉक्टरांनी जानेवारीत आपल्या वॉर्डात असे आकडे इतके पाहिले होते, की तिनं वाक्य पुरं करायच्या आत त्यांना पुढचं कळायचं. विमानं नव्हती, आणि असती तरी रुग्णालयातून रजा नव्हती. मग मनीषाचा वेगळाच फोन आला. रविवारी निकाल आहे, हे बाबांना ठाऊक आहे. सारखं विचारतात. बैठकीत त्यांना बसवता येईल का? आणि डॉक्टरकाका, साक्ष तुम्हीच देणार ना? बाबा म्हणतात, दिन्यानं सगळं बघितलंय.

शनिवारी डॉक्टरांनी मला स्टेडियमच्या त्याच भिंतीपाशी बोलावलं. दोन मीटर अंतर ठेवून आम्ही उभे राहिलो. मी म्हणालो, ‘नियम बदलू या. अध्यक्षाची साक्ष चालेल असा ठराव मी मांडतो. पाटील बोंबलतील, पण होईल.’

‘मी आत नव्हतो,’ डॉक्टर म्हणाले.

‘कुठं?’

‘गोव्यात. मिरजेचा पेपर दिला आणि एसटीत बसलो. आंबोलीच्या घाटात गाडी बंद पडली. पोचलो तर मैदान भरलेलं, फाटक बंद. वॉचमन ऐकेना. सबंध सामना भिंतीच्या बाहेर उभा राहून काढला.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘सामना संपल्यावर सदा पळत आला. म्हणाला, बघितलंस का रं? मी म्हणालो, बघितलं. पळत आलेल्याला तोंडावर नाही कसं सांगायचं? आज पस्तीस वर्षं झाली. दर दिवाळीला फोनवर ती पेनल्टी मला विचारतो आणि मी सांगतो.’

या माणसानं इथल्या निम्म्या मराठी लोकांना खोटं पाडलं होतं, याची मला आठवण झाली.

‘उद्या ‘मी पाहिलं’ एवढंच म्हणायचंय,’ ते म्हणाले. ‘नाही म्हटलं तर तो तिथं पडल्या पडल्या ऐकणार, की त्याचा एकमेव साक्षीदार आत नव्हताच. हो म्हटलं, तर...’

रविवारी दुपारी बारा वाजता बैठक भरली. कोल्हापुरात साडेचार. चौथ्या चौकटीत सदा चव्हाण होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मागे हिरवी भिंत, मोबाईल मनीषानं धरलेला. माझ्या ठरावावर पाटलांनी बोंब मारली नाही. सदाकडे पाहून ते इतकंच म्हणाले, ‘माझी हरकत नाही, सर.’ ठराव मंजूर झाला. आता सेक्रेटरी म्हणून विचारायचं काम माझं होतं. हा प्रश्न डॉक्टरांना विचारायची संधी मी सहा महिने शोधत होतो. ती मिळाली तेव्हा मी प्रश्न कागदावरून वाचला.

‘सदा चव्हाण यांच्या हंगामाला साक्षीदार कोण?’

सदाच्या चौकटीतून मशीनची टिकटिक ऐकू येत होती.

‘मी,’ डॉक्टर म्हणाले. ‘डॉ. दिनकर सरनोबत.’ मग ते भाषणाला उभं राहिल्यासारखे बोलू लागले. ‘शेवटची पाच मिनिटं राहिली होती. पंचांनी पेनल्टी दिली. सगळं मैदान गप्प झालं. समोरच्या सेंटर फॉरवर्डनं धाव घेतली, आणि सदानं आपल्या डावीकडं...’

‘उजवीकडं.’

सदानं मास्क खाली ओढला होता. ‘उजवीकडं, दिन्या.’

‘बाबा, मास्क!’ मनीषाचा आवाज आला.

‘थांब गं. दर दिवाळीला डावीकडं सांगतोय ह्यो.’ त्यानं श्वास घेतला. आम्ही तिघंही त्याच्यासोबत श्वास धरून बसलो. ‘तू आत न्हवतास. मला तवापास्नं ठाव हाय. गोलकीपरला काम काय असतंय, बॉल तिकडं गेला की? मी स्टँडच बघत हुतो. दोन्ही हाफ तुला हुडकत हुतो.’

डॉक्टरांच्या चौकटीत एकाएकी छत दिसू लागलं. त्यांनी लॅपटॉप वर वळवला होता.

‘मग कधी बोलला का नाहीस?’ छताकडून आवाज आला.

‘काय बोलायचं? तू भाईर हुतास की. पेनल्टीला सगळी गप्प, आणि भिंतीपलीकडनं कोण वरडलं, सदाऽऽ, हलू नगंस! म्हणून? गोव्यात असं दुसरं कोण वरडंल? न्हाई हललो. त्यानं मारेपतूर न्हाई हललो. मग पडलो.’ पुन्हा श्वास. ‘उजवीकडं.’

मनीषानं मास्क चढवला. शॅननच्या चौकटीत पाटील नाक शिंकरत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘सर, मी मामांचं नाव मागे घ्यायला तयार आहे.’

छत हललं आणि डॉक्टर पुन्हा दिसले. डोळे लाल, आवाज मात्र अध्यक्षाचा. ‘मागं घ्यायचं कारण नाही. भिंतीबाहेरून ऐकलेलं ते ऐकीव. खेळाडूची स्वतःबद्दलची साक्ष चालत नाही. सदाचा हंगाम बाद. सेक्रेटरी, लिहून घ्या.’

मी लिहिलं नाही. त्यांच्याकडे बघत राहिलो.

मास्कच्या आत सदा हसत होता. खोकला येईपर्यंत हसला. मनीषानं घाईघाईनं फोन बंद केला.

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर बाळ माने छापले गेले. पुढचे आठ दिवस डॉक्टर माझ्याशी काहीही बोलले नाहीत. नवव्या दिवशी एक ओळ आली, ‘ऑक्सिजन काढला.’ जूनमध्ये सदा घरी परतला, आणि महिनाभरात काठी टेकत कॉलेजात गेला. माने यांच्या नावाचा फलक हॉलमध्ये त्यानं स्वतः उभा राहून लावून घेतला. मनीषानं फोटो पाठवला. फलक किंचित तिरका होता. डॉक्टरांनी लगेच कळवलं, ‘डावी बाजू खाली आहे.’ उत्तर आलं, ‘तुला डावं-उजवं कळतंय व्हय?’

परवा मी त्यांना म्हणालो, की सिटीवेस्टला पहाटे पाऊस पडला. ‘पडला असेल,’ ते म्हणाले. मला चुकल्यासारखं झालं.

बोलत बोलत आम्ही स्टेडियमपर्यंत आलो होतो. आत सामना चालू होता, पण आमच्यासाठी फाटक अजून बंदच. डॉक्टर नेहमीच्या जागी उभे राहिले. मीही राहिलो. आतला आरडाओरडा अचानक थांबला.

‘पेनल्टी,’ ते हळूच म्हणाले. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन, रस्त्यावरून कुत्रं फिरवणारी बाई दचकेल एवढ्यानं, भिंतीवरून ओरडले, ‘हलू नगंऽऽस!’

आत शिट्टी वाजली. मग एक धप्प आवाज झाला, आणि लगेच पाच-सहा जणांचा गलका.

मी डॉक्टरांकडे पाहिलं.

‘उजवीकडं,’ ते म्हणाले.