पॉइंट्सवाल्या बाई जेवायला येतात

छातीठोकपणे सांगतो, मला काही विकू शकेल असा माणूस अजून जन्माला आलेला नाही! ऑकलंडमध्ये मला एकोणीस वर्षं झाली. सोलर पॅनेलवाले, व्हॅक्युमवाले, आत्म्याचं कल्याण करणारे, सगळे बॉटनी डाउन्समधल्या माझ्या दारातून हात हलवत परत गेलेत. एका वीजवाल्याला तर मी इतका पिडला की शेवटी त्यानंच माझा जुना लॉनमोवर विकत घेतला!

त्यामुळे शॉपिंग सेंटरमध्ये एका मुलीनं माझ्या हातात कार्ड ठेवलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. शनिवारी सकाळी हॉटेलात नव्वद मिनिटं बसायचं, 'हॉलिडे पॉइंट्स'ची माहिती ऐकायची, आणि घरी जाताना एअर फ्रायर फुकट! पॉइंट्स एकदा विकत घ्यायचे, मग ते दरवर्षी खात्यात जमा होणार, आणि ते खर्चून वीस वर्षं त्यांच्या रिसॉर्टांत राहायचं, अशी एकूण भानगड.

"तुला गुंडाळतील," बायको म्हणाली. अनुराधा हॉस्पिटलात नर्स आहे, तिला निदान पटकन जमतं.

"मला? अगं, मी पुण्याचा आहे!"

"म्हणून तर. फुकट म्हटलं की तुझं डोकं बंद पडतं."

कार्डावर अट होती, घरातले निर्णय घेणारे दोघं हवेत. अनुराधाची शनिवारी ड्यूटी. लेक श्रिया सतरा वर्षांची, ती तर "डॅड, दॅट्स सो क्रिंज," म्हणून खोलीत निघून गेली. मग उरले बाबा. त्यांचं नाव बाळ, वय शहात्तर. एसटीत स्वारगेटला वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर माइकवरून दुसऱ्यांना कोकणात, महाबळेश्वरला धाडलं, आणि स्वतः संध्याकाळी डबा घेऊन घरी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला विनोद सुचत नाही. माझी आई, आशालता, दोनदा इकडे आली. दोन्ही वेळा तीन-तीन महिने. तिला रोटोरुआला जायचं होतं. जमिनीतून वाफा येतात, चिखल उकळतो, हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. गाडीनं तीन तासांचा रस्ता! मी दोन्ही वेळा म्हणालो, "सुट्टी मिळत नाही गं आई. पुढच्या वेळी नक्की." तिनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि माझ्यासाठी लोणची घातली. मागच्या जूनमध्ये ती गेली. आता बाबा एकटे आले होते. दहा दिवसांनी, मंगळवारी, त्यांचं परतीचं विमान होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की इतका लांबचा प्रवास आता पुन्हा नको. बाबांनी तसं एकदाच सांगितलं, पेपर वाचता वाचता.

म्हणजे एअर फ्रायर हे निमित्त. खरं सांगायचं तर मला काहीतरी भरून काढायचं होतं. कसं ते कळत नव्हतं.

हॉटेलात आमच्या टेबलावर नायरी नावाच्या बाई होत्या. साठीच्या, गळ्यात हिरवा दगड, आवाज मायाळू. "किया ओरा!" म्हणून त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. पहिला प्रश्न, "गेल्या पाच वर्षांत तुम्ही सुट्टीत कुठे कुठे गेलात?"

"पुणे," मी म्हणालो.

"लव्हली! आणि?"

"पुणे." आणखी आठवून बघितलं. "दोन हजार बावीसला पुणे."

त्यांनी तीन ओळींत तीनदा पुणे लिहिलं. मग बाबांना विचारलं, "ड्रीम डेस्टिनेशन?"

"एनी प्लेस," बाबा गंभीरपणे म्हणाले, "बट टॉयलेट शुड बी नियर."

मग बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि सूत्रं हातात घेतली. "मॅडम, हाऊ मेनी रूम्स? हाऊ मेनी मेंबर्स? स्कूल हॉलिडेज, एव्हरीबडी विल कम. देन?" नायरीबाई म्हणाल्या, वर्षभर आधी बुकिंग करावं लागतं. बाबा माझ्याकडे वळले. "श्री, गाड्या आठ आणि पास दिलेत चारशे लोकांना. मे महिन्यात मारामारी होणार. मी आयुष्यभर हेच बघितलंय. ऊठ!"

मी उठणारच होतो हो! पण बाईंनी एक फोटो पुढे सरकवला. तळ्याकाठी लाकडी ओटा, त्यावर दोन खुर्च्या, खुर्च्यांत एक म्हातारा-म्हातारी, मागे वाफा. आणि त्यांनी हळूच विचारलं, "कुणाला कुठे न्यायचं राहून गेलंय का?"

झालं! एकोणीस वर्षं ज्यानं एक वीजवाला दारात टिकू दिला नाही, तो माणूस भर हॉटेलात हमसाहमशी रडायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला वाटलं, मला किंमत सांगितली! त्यांनी घाईघाईनं पर्सा उचलल्या आणि ते पळाले. नायरीबाईंनी टिश्यू दिला, पाणी दिलं, पेन दिलं. पेन मी घेतलं सुद्धा!

बाबांनी ते माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवलं. "मॅडम, वुई विल आस्क ॲट होम," ते म्हणाले. आणि मग, निरोप घेताना आपण म्हणतो तसं, "यू प्लीज कम टू अवर हाऊस. फॉर लंच. संडे."

आता तुम्हीच सांगा, या वाक्याचा अर्थ काय? 'बराय, निघतो!' एवढाच ना? पुण्यात हे आमंत्रण मी हजारदा ऐकलंय आणि त्यातलं एकही जेवण अजून कुणाच्या पोटात गेलेलं नाही. नायरीबाईंनी वही उघडली. "स्वीट ॲज! बारा वाजता?" आणि आमचा पत्ता लिहून घेतला.

"येत नाही रे," गाडीत बसताना बाबा म्हणाले. "कोण येतंय!"

रविवारी बाराला पाच कमी असताना दारात गाडी थांबली. अनुराधा गाऊनमध्ये, डोक्याला तेल. श्रिया मैत्रिणींबरोबर समुद्रावर निघालेली, टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडे घालून, वर टॉवेल, पायांत जँडल्स नावाच्या रबरी चपला. मी लुंगीत. ओट्यावर कालच्या भाताला फोडणी देऊन ठेवलेली. आणि दारात नायरीबाई, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात काल माझ्या रडारडीत न्यायचं राहिलेलं एअर फ्रायरचं खोकं!

"कोण आहे ही बाई?" अनुराधानं दात न उघडता विचारलं.

"पॉइंट्सवाली. बाबांनी जेवायला बोलावलंय."

"तू काल मला का नाही सांगितलंस?"

"बाबा म्हणाले येत नाही!"

बाबा मात्र खुर्चीतून उठले होते. पाहुणी दारात आणि घरात फोडणीचा भात! त्यांचा चेहरा पडला. आई असती तर अर्ध्या तासात चार पदार्थ झाले असते, हे आम्ही तिघांनीही मनात म्हटलं असणार, कारण कुणीच कुणाकडे बघेना. "पापड तरी भाजू," बाबा म्हणाले आणि त्यांनी खोकं फोडलं. नवं यंत्र, आत पाच उडदाचे पापड, बटण दाबलं. त्या भांड्यात वारं किती जोरात फिरतं याची आम्हाला काय कल्पना! पापड उडाले आणि वरच्या तापलेल्या तारेला जाऊन चिकटले. धूर! छतावरचा स्मोक अलार्म असा ठणाणा करायला लागला की शेजारचा माणूस बागेची नळी घेऊन कुंपणापर्यंत आला. मी खुर्चीवर चढून टॉवेलानं अलार्मला वारा घालतोय, लुंगी सुटायच्या बेतात, श्रिया हसून हसून जमिनीवर, अनुराधा सगळ्या खिडक्या उघडतेय, आणि नायरीबाई शांतपणे बाबांना विचारताहेत, "शुड आय टेक माय शूज ऑफ?"

शेवटी भात, दही आणि आईच्या हातचं लिंबाचं लोणचं, एवढ्यावर जेवण झालं. लोणच्याची ती शेवटची बरणी. बाबा स्वतःच्या हातानं ती फार काटकसरीनं वाढतात, पण बाईंना त्यांनी दोन फोडी वाढल्या. बाईंनी भात दोनदा मागून घेतला.

मग फाइल उघडली. मी सांगतो, माझा हात शिवशिवत होता! सही करावी, बाबांचं विमान पुढे ढकलावं, दरवर्षी सगळ्यांनी तळ्याकाठी बसावं, असं माझं चाललं होतं. बाई म्हणाल्या, आधी एक आठवडा शोधू या, ज्यात चौघंही मोकळे असाल.

श्रिया म्हणाली, "आय'म इन डनीडन फ्रॉम फेब्रुवारी. युनी." तिची युनिव्हर्सिटी तिकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

अनुराधा म्हणाली, माझं रोस्टर सहा आठवडे आधी कळतं, वर्ष आधी नाही.

बाबा म्हणाले, "नेक्स्ट ट्यूसडे, आय ॲम गोइंग."

"अँड यू, श्रीनाथ?"

"माझा तर मोठा प्रॉब्लेम आहे," मी सवयीनं म्हणालो. "ईस्ट टामाकीत फॅक्टरी, मशीन बंद पडलं की मलाच बोलावतात. सुट्टीच मिळत नाही."

अनुराधानं दह्याचं भांडं खाली ठेवलं. "श्री, तुझी एक्केचाळीस दिवस सुट्टी शिल्लक आहे. परवाच मेल आला ना, संपवा म्हणून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "किती?"

"एक्केचाळीस," मी म्हणालो. "राखून ठेवलीय, बाबा."

"कशासाठी?"

इथे राहणाऱ्या आपल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. सुट्टी खर्च करायची नाही. साठवायची. तिकडे कुणाला काही झालं तर! मध्यरात्री फोन आला तर महिनाभर जाता आलं पाहिजे. मी वर्षानुवर्षं दिवसाला दिवस जोडत होतो. आई आजारी पडली तर तिच्या उशाशी बसेन म्हणून. आणि ती आजारीच पडली नाही. मंगळवारी संध्याकाळी तिच्या छातीत दुखलं आणि बुधवारी सकाळी संपलं. मी पोचलो तोवर तिला नेलं होतं. अकरा दिवस वापरले, ते सगळे ती गेल्यानंतरचे.

"आईसाठी ठेवली होती," मी म्हणालो. "ती आजारी पडली तर असावी म्हणून."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "अरे, ती धडधाकट इथे बसून लोणची घालत होती, तेव्हाही होती का ही सुट्टी?"

"होती."

"दोन्ही वेळा?"

"हो, बाबा."

नायरीबाईंना शब्द कळले नव्हते, पण टेबलावरचं कळलं होतं. त्यांनी श्रियाकडे बघितलं. माझी मुलगी मराठीत कधी बोलत नाही, मला वाटायचं तिचं आमच्याकडे लक्षच नसतं. तिनं खाली मान घालून सांगितलं, "ही वॉज सेव्हिंग हिज लीव्ह फॉर व्हेन माय आजी गॉट सिक." आणि ती आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. समुद्र, मैत्रिणी, सगळं राहिलं.

बाईंनी फॉर्म स्वतःकडे ओढला. नावावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'नॉट सुटेबल'. फुकट दिलं तरी घेणार नाही म्हणणारे लोक पुष्कळ असतील. पण पॉइंट्सवाल्यांनी ज्याला आपणहून नाकारला असा माणूस, माझ्या माहितीत, मीच! जाताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, जेवण फार छान होतं. एअर फ्रायर ठेवून गेल्या. त्याच्या तारेवर त्यातला एक पापड अजून आहे.

सोमवारी सकाळी साडेसातला मी आणि बाबा स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. रविवारपासून ते माझ्याशी मोजकंच बोलत होते. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी फोन काढला आणि माझ्या मॅनेजरला, ग्रेगला, मेल लिहिला. मशीनचं काय करता येईल, कोण सांभाळेल, वडील जाणार आहेत, असा लांबलचक. दोनदा खोडला. शेवटी एकच ओळ ठेवली, आजपासून पुढच्या मंगळवारपर्यंत रजा हवी आहे. पाठवला.

कपातला चहा अर्धा व्हायच्या आत उत्तर आलं. 'ऑल गुड मेट. गो.'

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"हो म्हणाला."

"इतक्यात?"

"हो."

बाबांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. "मग तेव्हा कोण नाही म्हणालं होतं रे?"

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"कुणीच नाही, बाबा. मी विचारलंच नव्हतं."

ते टेबलाला धरून सावकाश उठले आणि त्यांच्या खोलीकडे निघाले. दारापाशी थांबून, माझ्याकडे न वळता, त्यांनी विचारलं, "रोटोरुआला थंडी असते का? एक स्वेटर घेऊ की दोन?"