आमच्या गाडीची वर्गोन्नती

आमच्या घरापासून बालवाडीपर्यंतचा रस्ता चढाचा आहे आणि आमची गाडी उताराच्या स्वभावाची आहे. या एका मतभेदातून पुढचं सगळं घडलं.

चढाच्या ऐन मध्यावर गाडी धापा टाकायची, थांबायची आणि मग मनापासून मागे यायची. मागच्या सीटवर आमची ठकी "पुन्हा! पुन्हा!" म्हणत टाळ्या पिटायची. मी तिच्या पट्ट्याचं बक्कल घट्ट धरून मनातल्या मनात सगळ्या नातेवाइकांची माफी मागायची. काचेतून मागच्या गाडीवाल्याचा आधी चेहरा दिसायचा, मग मिशा, मग मिशांतला एकेक केस. आणि हे रोज. मुलीला बालवाडीत सोडणं हा आयांच्या दृष्टीनं दिवसातला निवांत कार्यक्रम असतो म्हणे.

"इंजिन बदलू या," नवरा म्हणाला. "चांगलं ताकदीचं टाकू."

"मग गाडीच बदल ना."

"गाडी चांगली आहे गं. फक्त चढत नाही."

गॅरेजवाल्यांकडे एक इंजिन होतं, भंगारात निघालेल्या स्कूल बसचं. त्यांनी ताडपत्री उचलली तेव्हा ते आमच्या गाडीकडे, सासरची मंडळी माहेरच्या आहेराकडे बघतात तसं बघत होतं.

"वहिनी, हे बसवलं की चढ तुम्हाला दिसणारसुद्धा नाही."

"मला चढ दिसायला हवाय. ठकी असते गाडीत."

"मग बोनेट थोडं वर राहील त्याची सवय करा. कडेनं दिसतं तसं."

इंजिन बसलं. अक्कलदाढ दुखावी तसं गाडीचं तोंड सुजलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार, पण मोती एकदाचा बसला होता. आता फक्त धूर-तपासणी उरली होती. धुराचा कायदा आमच्याकडे फार कडक आहे आणि असायलाच हवा. लहान मुलांच्या फुप्फुसांवरचा एक लेख वाचून मी स्वतः रडले आहे, आणि नवऱ्यालाही रडायला लावलं आहे.

तपासणी कार्यालयात निरीक्षकांनी सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, पडद्याकडे पाहिलं आणि शोकसभेतल्या आवाजात म्हणाले, "दुप्पट."

"म्हणजे नापास?"

"कार म्हणून नापास." त्यांनी चष्मा पुसला. "बस म्हणून मात्र उत्तम पास."

"म्हणजे?"

"शाळेच्या बसला धुराची मर्यादा दुप्पट आहे. मुलांचं हित बघून ठेवलीय. बस बंद पडली तर मुलं शाळेत पोचायची कशी?"

"अहो, पण तो धूर मुलांच्याच नाकात..."

"मॅडम, धुराचं कलम वेगळं, मुलांचं कलम वेगळं. दोन्ही एकत्र वाचायची नसतात. उगाच मनस्ताप होतो." मग त्यांनी सुजलेल्या बोनेटवर हात ठेवला. "हे इंजिन बस-वर्गातलं आहे. त्याला खाली आणून कारचं करता येणार नाही. पदावनतीची तरतूद नाही. गाडीला मात्र वर चढवता येईल."

नवऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे चढेल ती?"

"कागदावर," निरीक्षक म्हणाले.

घरी जाताना मी म्हटलं, "जुनंच इंजिन परत बसवू या." नवरा म्हणाला, "आता एवढं केलंय तर..." जगातले बहुतेक घोटाळे याच वाक्यानं वयात येतात. आणि खरं सांगायचं तर मीही फार ताणलं नाही. रोज मागे घसरण्यापेक्षा पिवळा रंग परवडला.

तर गाडी पिवळी झाली. बसला आपत्कालीन दरवाजा लागतो म्हणून डिकीला तो दर्जा देण्यात आला. बसला चालक गणवेशात लागतो म्हणून नवऱ्याला टोपी आली. ती घालून तो आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिला. बसमध्ये महिला मदतनीस बंधनकारक असते. "तुमच्या माहितीत एखादी विश्वासू बाई आहे का?" असं निरीक्षकांनी विचारलं तेव्हा नवऱ्यानं थोडा विचार केला. तो मी विसरणार नाही. शेवटी माझ्याच गळ्यात शिट्टी पडली.

शिवाय बस म्हटली की वेगाला कुलूप. सायकलवाला मागून येऊन "जाऊ का पुढे?" विचारेल, तेवढाच वेग.

"मग एवढं ताकदीचं इंजिन घेऊन काय करायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"ताकद असावी, वापरू नये," निरीक्षक म्हणाले. "मुलांवर तसेच संस्कार होतात. बरं, थांबे कोणते?"

"घर आणि बालवाडी."

"ती सुरुवात आणि शेवट झाली. मधे निदान एक थांबा हवा. थांब्याशिवाय बस म्हणजे नुसती पिवळी कार." त्यांनी नकाशा उघडला आणि बोट ठेवलं. "या रस्त्यावर मंजूर थांबा एकच आहे. हा इथे."

बोट चढाच्या ऐन मध्यावर होतं.

"अहो, तिथं थांबायला नको म्हणूनच तर हे सगळं केलं!" मी जवळजवळ किंचाळले.

"तेव्हा तुम्ही बेकायदा थांबत होता," ते समजुतीनं म्हणाले. "आता परवान्यासह थांबाल."

पहिल्या दिवशी आम्ही थांबलो. नियमाप्रमाणे मी उतरून दार उघडलं आणि शिट्टी वाजवली. तिथून एक बाई मुलाचं बोट धरून चढ चढत होत्या. त्यांनी पिवळा रंग पाहिला, टोपी पाहिली, शिट्टी पाहिली आणि मुलाला उचलून आत बसवलं.

"अहो, ही आमची घरची कार आहे!"

"लहान आहे तेच बरं. मोठ्या बसमध्ये कुणाचं लक्ष नसतं." त्यांनी रुमालानं मुलाचं नाक झाकलं. "धूर फार आहे हो तुमचा. पास आहे ना?"

"आहे, पण..."

"मग हरकत नाही." आणि त्या गेल्यासुद्धा. मुलाचं नाव राहिलंच विचारायचं. तोवर मागून आणखी तिघांना त्यांच्या आयांनी आत कोंबलं होतं. थांब्यावरचं मूल नाकारलं तर परवाना जातो.

नवऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन डरकाळी फोडून उठलं, कुलपानं त्याला खाली बसवलं, अख्खा रस्ता काळा झाला आणि पाच मुलांची बस संथपणे मागे निघाली. आत पाच जोड टाळ्या वाजू लागल्या.

"ब्रेक!" मी ओरडले. "हँडब्रेक! दोन्ही!"

गाडी कशीबशी थांबली. मी आपत्कालीन दरवाजा उघडला, पाचही मुलांना डिकीतून बाहेर काढलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि सगळ्यांना घेऊन चालत चढ चढले. ठकी सगळ्यांच्या पुढे होती. एकदाही मागे घसरली नाही. रिकामी बस आमच्या मागून येत होती, बरीच मागून.

बालवाडीच्या फाटकाशी पालकांची गर्दी होती. तोंडं काळवंडलेली पाच मुलं पायी आलेली पाहून कुणीतरी मला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. त्यांच्या जागी मी असते तर खाल्लंच असतं.

"अय्या, अर्धा चढ मुलांना चालायला लावता तुम्ही?" एक जण कौतुकानं म्हणाली. "दुसऱ्या बसवाल्यांकडे व्यायामाची सोयच नाही."

संध्याकाळपर्यंत फोन थांबेना. त्यात तुमचाही होता. ब्रेकचं तुम्ही विचारलं नाहीत, धुराचं विचारलं नाहीत, गाडी चालवतं कोण हेही नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, की तुमच्या पिल्लाला खिडकीजवळची सीट मिळेल ना?