मातीचा पुरावा

हार्मेन ब्लीकर यांचे गुडघे आधी निवृत्त झाले, मग ते स्वतः. झ्वोले या डच शहराच्या कडेला, सभासदांना भाजीपाल्यासाठी जमीन देणाऱ्या बागसंघाचा एक तुकडा त्यांच्याकडे भाडेपट्ट्यानं होता. वाकणं जमेना, म्हणून त्यांनी कमरेइतक्या उंचीवर पाइप मांडले, त्यांत खतपाणी खेळतं ठेवलं आणि उघड्यावर, मातीविना, लेट्यूस वाढवला. तो असा माजला की शेजारच्या तिनेकेबाई टोपली घेऊनच येऊ लागल्या.

जूनमध्ये संघाच्या सचिव खेर्ट्ये पुल्स्ट्रा पाहणीला आल्या.

"हार्मेन, लागवड कुठंय?"

"तुमच्या नाकासमोर."

"लागवड म्हणजे मातीत लावलेलं. नियमानुसार तुमचा तुकडा पडीक ठरतो. पट्टा रद्द होईल."

"बाई, याच पडीक जमिनीतले गड्डे तुम्ही परवा नेलेत."

"ते मी मैत्रीण म्हणून नेले. आज मी सचिव आहे."

हार्मेन घाबरले. म्हणाले, "माती नसेल, पण वाहतं पाणी तर आहे?"

इथंच चुकलं. वाहत्या पाण्याची संघाच्या समितीनं गंभीर दखल घेऊन पाइपांना ओढ्याचा दर्जा दिला. ओढ्याचा काठ मोकळा हवा, म्हणून तिनेकेबाईंचा घेवडा उपटला गेला. पाणी बोटभर खोल. तरी बुडणाऱ्यांसाठी तांबडी रिंग टांगण्यात आली. मग कुणीतरी पाणी तपासलं. ओढ्यात खत सापडलं. प्रदूषण सिद्ध झालं.

वार्षिक सभेत पाइप काढण्याचा ठराव आला. चर्चेत प्रत्येकानं लेट्यूसची तारीफ केली आणि मतदानात प्रत्येकानं हात वर केला.

पाइप गेले. नियमानुसार माती आली. हार्मेनना वाकता येत नव्हतं, तेव्हा तिच्यात खाजकुयलीसारखी आग करणारी रानटी झुडपं छातीपर्यंत वाढली. पुढच्या पाहणीत शेरा पडला : लागवड समाधानकारक.

"तिनेकेबाई, तुम्हीसुद्धा हात वर केलात?" हार्मेननी कुंपणावरून विचारलं.

"अहो, मी तुमच्याच बाजूची. पण सगळ्यांचे हात वर गेले, मग माझा एकटीचा खाली बरा दिसला असता का?"

बाकीच्यांनाही हार्मेननी एकेकाला गाठून विचारलं. प्रत्येक जण त्यांच्याच बाजूचा निघाला. त्या सभेत विरोधात कुणी नव्हतंच. सगळे तुमच्या-आमच्यासारखे सज्जन होते.