मुठीतलं बोट

बायको केस कापून घ्यायला बाहेर पडली आणि दार लागल्याबरोबर कवळीवाल्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपलं दुकान मांडलं. बाळंतपणाची रजा संपून उद्यापासून ती कामावर जाणार होती. बाळाला सोडून जायचं या विचाराने भांडी घासतानासुद्धा तिचे डोळे भरून येत होते. तिच्या ऑफिसच्या टेबलावर ठेवायला बाळाची मूठ प्लास्टरमध्ये करून द्यायची, असं कवळीवाल्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्या बापांना हे सुचलं असतं तरी जमलं नसतं. कवळीवाल्यांचा हा रोजचा धंदा. जबड्याचं माप घ्यायचं, साचा करायचा, त्यात प्लास्टर ओतायचं आणि त्यावर कवळी बेतायची, यातच त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते.

अडचण एकच होती, आणि ती ओट्याला नाक लावून उभी होती. थोरली मुलगी, वय वर्षं साडेतीन. बाळ आल्यापासून तिला सगळे ताई म्हणायला लागले होते. बढती मिळाली होती, पण पगारवाढ नव्हती. उलट आईच्या मांडीवरची जागासुद्धा गेली होती.

"बाबा, मी पण."

"हे बाळाचं आहे, ताई. तू लांब उभी राहा. कशाला हात लावायचा नाही."

"माझं कधी?"

"तुझं नंतर."

या घरात 'नंतर' कधी उजाडत नाही, हे ताईला चांगलं माहीत होतं. ती मुकाट्याने दोन पावलं मागे सरकली.

कवळीवाल्यांनी मापाची गुलाबी पावडर पाण्यात कालवून मोठ्या पेल्यात ओतली, बाळाला त्याच्या खुर्चीत बसवलं आणि त्याची मूठ मनगटापर्यंत पेल्यात बुडवली. बाळाने टाहो फोडला. मिश्रण घट्ट होईपर्यंत हात हलता कामा नये, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. एका हाताने बाळाचं कोपर धरून कवळीवाल्यांनी दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. घरात आवाज नीट येत नसे, म्हणून तोंड खिडकीकडे केलं.

"अहो कवळीवाले, मी मास्तरीणबाई. दात फार सरळ केलेत तुम्ही."

"सरळच हवेत ना, बाई?"

"माझा पुढचा दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर हात टाकून उभा असायचा. जन्मभर तसाच होता. आता आरशात बघते तर कुणी दुसरीच बाई माझा टॉवेल घेऊन उभी."

"होईल हो सवय. एवढं सफाईने केलंय काम!"

इकडे ताई पुढे आली. बाळ रडायला लागलं की ती आपलं बोट त्याच्या मुठीत द्यायची आणि ते घट्ट धरून बाळ गप्प व्हायचं. घरातलं रडं कित्येक दिवस असंच थांबत होतं. मोठ्यांना वाटायचं, आपल्या अंगाईने थांबतंय. ताईने बोट बाळाच्या मनगटालगत त्या गुलाबी लगद्यात खुपसलं आणि खाली मुठीत पोचवलं. बाळ गप्प झालं. बाईंचं बोलणं संपेपर्यंत लगदा घट्ट झाला होता. ताईने बोट अलगद काढून घेतलं.

"बघ कसं गप्प बसलं!" कवळीवाले स्वतःवर खूश होऊन म्हणाले. "तू हात नाही ना लावलास?"

"नाही," ताई म्हणाली आणि गुलाबी बोट पाठीमागे लपवलं. ती गंमत तिला आईसाठी राखून ठेवायची होती.

साच्यात प्लास्टर ओतून झालं, पोरं झोपली, प्लास्टर वाळलं आणि कवळीवाल्यांनी साचा सोलून काढला. मूठ अशी उतरली होती की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. इवली नखं, मनगटाची वळी, सगळं जसंच्या तसं. फक्त मनगटाच्या कडेने एक काडी निघून मुठीत शिरलेली दिसत होती.

"साच्याला तडा गेला वाटतं," ते पुटपुटले. असलं फाजील प्लास्टर ते रोजच काढायचे. त्यांनी घासायचं छोटं मशीन काढलं आणि ती काडी पार घासून टाकली. मुठीत अडकलेलं टोकसुद्धा बारीक कानशीने कोरून काढलं. हे करताना ते गाणं गुणगुणत होते. पुढे त्यांना सगळ्यात जास्त खुपलं ते हे गाणंच.

ताई डोळे चोळत उठून आली. तिने मूठ उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"बाबा, माझं बोट कुठंय?"

"तुझ्या हातालाच आहे की!"

"हे नाही. बाळाने धरलेलं."

कवळीवाले हसले. मग तिने बोट पुढे केलं. नखाच्या कडेला वाळलेला गुलाबी लगदा होता. कवळीवाल्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी केराचा डबा उघडून पाहिला. कांद्याच्या सालांवर पांढरी भुकटी पडली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचा धड दात मोडला नव्हता, आणि आज पोटच्या पोरीचं बोट उडवलं होतं.

"अगं, मला सांगायचं नाही का?"

"तू म्हणालास, हात लावायचा नाही."

त्यांनी घाईघाईने परत पावडर कालवली. पेला दिसताच बाळाने लाथ मारली आणि सगळा माल जमिनीवर गेला. उरलेली पावडर कालवली. बाळ खुळखुळ्याने वश झालं, पण ताईचे दोन्ही हात पाठीमागे.

"दे ना गं बोट."

"नाही देत. तू कापतोस."

कवळीवाल्यांनी बिस्किट देऊ केलं, घोडा होऊ का विचारलं. शेवटी तिने अट घातली, "आधी तू घाल." त्यांनी स्वतःचा अंगठा बाळाच्या मुठीत दिला. बाळाने तो बाहेर ढकलून दिला. तेवढ्यात लगदा घट्ट झाला आणि पावडरही संपली.

दार उघडलं. आखूड केसांची आई आत येते न येते तोच ताईने बातमी फोडली, "आई, बाबांनी माझं बोट कापलं!"

आईच्या हातातली पिशवी पडली. तिने ताईची दहाही बोटं मोजली, मग घाबरून परत मोजली. कवळीवाल्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. तिने ती मूठ हातात घेतली आणि मुठीतल्या पोकळ जागेवर हळूच नख फिरवलं. ती तडतडली असती तर कवळीवाल्यांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ताईने खेळायच्या मातीचं एक हिरवं बोट वळलं, त्याला नख काढलं आणि मुठीत खोचलं. दुसऱ्या दिवशी आई ती मूठ तशीच घेऊन कामावर गेली. माती वाळली आणि दुपारी बोट गळून पडलं.

"अर्धं ऑफिस टेबलाखाली वाकून बोट शोधत होतं," तिने घरी येऊन सांगितलं. ती हसत होती. कवळीवाल्यांना मात्र हसायला जमलं नाही. मग वाळेल तसं ताई नवीन बोट करून द्यायला लागली, कधी पिवळं, कधी निळं.

मध्ये एकदा त्यांनी आपणहून मास्तरीणबाईंना फोन केला. "बाई, आणा कवळी. तो दात वाकडा बसवून देतो."

"राहू द्या हो. झाली आता सवय. तो कसा होता, तेच नीट आठवत नाही बघा."



ताईचा राग उतरायला फार दिवस लागले. मग एका सुट्टीच्या दिवशी तीच पावडरचा नवा डबा घेऊन आली. "घे माझं बोट. पण मशीन आणायचं नाही."

कवळीवाले धावतच पातेलं घेऊन आले. पण बाळ आता रांगत होतं, दिसेल ते ओढत होतं. मूठ मिटून कुणाचं बोट धरून बसायचे त्याचे दिवस संपले होते. ताईने बोट दिलं, बाळाने ते झटकलं. "धर ना रे," ती दोनदा म्हणाली. शेवटी प्लास्टरमध्ये दोन उघडे हात उतरले, शेजारी शेजारी, एकमेकांना न लागलेले.

"बाळ मोठं झालं," ताई म्हणाली.

दोन हातांच्या मधोमध प्लास्टरची एक गाठ आली होती. साच्यात बुडबुडा राहिला की तशी येते. ती पाहून कवळीवाल्यांचे हात शिवशिवले. पण त्यांनी हात मागे घेतला.

"ताई, हे तुझं आहे?"

ताईने वाकून नीट पाहिलं. "नाही. ते बुडबुड्याचं."

"मग काढू?"

"नको," ती म्हणाली. "त्याला दुखेल."

कवळीवाल्यांनी गाठ तशीच ठेवली.