जमादार आत, नबीलाल बाहेर

नबीलाल छत्रीवाल्यानं चार महिन्यांच्या खटपटीनंतर एका गुरुवारी सकाळी किल्लीशिवाय कुलूप उघडलं आणि आनंदाच्या भरात गल्लीभर बत्तासे वाटले. चूक झाली ती तिथंच.

कुलूप त्याचं स्वतःचंच होतं. लढाई संपल्यावर नगरच्या छावणीत जुन्या लष्करी सामानाचा लिलाव झाला. छत्र्यांचं कापड आणायला गेलेला नबीलाल कापडाऐवजी हे कुलूप घेऊन आला. मुठीएवढं, विलायती, गच्च लागलेलं, आणि किल्लीचा पत्ता नाही.

"ह्याचं काय लोणचं घालायचं?" बायकोनं, शरिफानं विचारलं.

"उघडायचं."

"आन् उघडून?"

नबीलालनं कुलूप कानाशी नेऊन हलवून पाहिलं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. छत्रीची काडी घासून त्यानं बारीक केली, टोक जरासं वाकवलं. आत पाच खिट्ट्या होत्या, प्रत्येकीवर स्प्रिंग. एका पट्टीनं कुलपाला अगदी हलका पीळ द्यायचा आणि काडीनं एकेक खिट्टी तिच्या तिच्या उंचीवर उचलायची. पीळ जास्त झाला की सगळ्या अडकणार, कमी झाला की सगळ्या खाली पडणार. चौथी खिट्टी तर माहेरी जाऊ न दिलेल्या सुनेसारखी फुगून बसायची. गिऱ्हाइकांच्या छत्र्या पावसाळा संपला तरी खुंटीवरच राहिल्या.

आणि मग तो गुरुवार. खट् झालं, कडी उडाली, नबीलालच्या डोळ्यांत पाणी आलं.

बत्ताशांबरोबर बातमीही फिरली. पहिल्या घरी 'नबीलालनं कुलूप उघडलं' एवढंच पोचलं. लंकाबाईच्या ओट्यावर ते दुसऱ्याचं कुलूप झालं, नदीच्या घाटावर ते पाटलांचं झालं, आणि दहाच्या सुमाराला बातमी पोलीस चौकीत शिरली तेव्हा त्यात पाटलीणबाईंच्या पाटल्याही गेल्या होत्या.

चौकीत दोनच माणसं. जमादार कानिफनाथ आणि शिपाई छगन. त्यात आज दुपारी तालुक्याहून फौजदारसाहेब तपासणीला येणार होते. जमादारांनी नबीलालला कुलपासकट हजर करवलं.

"कुनाचं उघडलंस?"

"माझंच, साहेब."

"सवताचं कुलूप कोन चोरून उघडतं रं?"

"चोरून न्हाई साहेब, किल्ली न्हाई म्हनून."

पाटलांकडं माणूस पाठवला. पाटल्या पाटलीणबाईंच्या हातातच होत्या. तरी जमादारांचा संशय जाईना. "पुन्यांदा ह्या कुलपाला हात लावलास तर आत घालीन!" त्यांनी बजावलं आणि कुलूप जप्त केलं.

जप्त केल्यावर मात्र ते त्यांच्या मनात भरलं. चौकीच्या कोठडीचं कुलूप गंजून लाल झालेलं. फौजदार ते बघून नक्की बोलणार. जमादारांनी गंजकं कुलूप काढून फेकलं, हे उघडं विलायती छगनच्या हाती दिलं आणि कोठडीतला चुना नीट बसलाय का हे बघायला आत शिरले. आतून ओरडले, "छगन, ते विलायती दाराला लावून बघ, कसं दिसतंय!"

छगन हुकमाचा पक्का. त्यानं दार ओढलं, कुलूप अडकवलं आणि दाबलं. खट्!

"झ्याक दिसतंय, साहेब!"

"आता काढ."

"किल्ली?"

दोघांनी नबीलालकडं पाहिलं. नबीलालनं मान खाली घातली. "किल्ली मिलट्रीतच ऱ्हायली."

पुढची पाच मिनिटं छगननं कुलपावर दगड घातले. कुलपाला ओरखडाही आला नाही, पण वरचा चुना जमादारांच्या टोपीवर पडला. लोहाराकडं धावावं तर लोहार बाजाराला गेलेला. एक वाजून गेला.

"नबीलाल," जमादार गजाआडून म्हणाले, "उघड."

"साहेब, आत्ताच तुमी म्हनला, हात लावला तर आत घालीन."

"आरं, आत मीच हाय! तू लाव हात!"

नबीलालनं काडी घातली.  तो आजवर एकदाच जमलेला चमत्कार पुन्हा करायचा, तोही खाकी कपड्यांसमोर. पहिली खिट्टी बसली. "झालं का?" जमादार ओरडले. खिट्टी पडली. पुन्हा दोन बसल्या. "आरं, झालं का?" दोन्ही पडल्या. छगन दारात उभा राहून टांगा दिसतो का बघत होता आणि दर मिनिटाला "न्हाई अजून" म्हणत होता. तेवढ्यानंही काडी हलत होती.

"साहेब, जरा गप ऱ्हावा."

"गप कसा ऱ्हाऊ? सव्वीस वरसं नोकरी झाली माझी! साहेबांनी मला असं कोठडीत बघितलं तर बिल्ला जाईल, बिल्ला!" जमादारांचा आवाज चिरकला. नबीलालला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटायची थांबली आणि कणव आली. पण कणव येऊन खिट्ट्या बसत नाहीत.

इतक्यात शरिफा आली. नवऱ्याला धरून नेलं हे ऐकून रडतच निघाली होती, फडक्यात भाकरी बांधून. चौकीत येऊन बघते तर नवरा बाहेर आणि जमादार आत. ती रडायची थांबली.

"अवो, जमादारांनी काय केलं?"

"कायबी न्हाई, मावशी!" जमादार आतून म्हणाले आणि पुन्हा ओरडायला लागले. शरिफानं नवऱ्याच्या हातातली हलती काडी पाहिली, जमादारांचं तोंड पाहिलं आणि फडकं सोडलं.

"भाऊ, सकाळधरनं पोटात काय हाय का न्हाई? घ्या."

गजांतून भाकरी आत गेली, वर मिरचीचा ठेचा. जमादार नको नको म्हणाले, पण पहिला घास गेल्यावर त्यांना भूक कळली. चौकीत शांतता झाली. नुसता चावण्याचा आवाज. शरिफानं छगनच्या हातावरही तुकडा ठेवला. तोही गप्प झाला.

"हं," ती नवऱ्याला म्हणाली. "घाई करू नगा. घरच्यावानी बसा."

नबीलाल घरच्यासारखा मांडी घालून बसला. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी फुगून बसली. त्यानं पीळ केसभर सैल केला, ती उठली. पाचवी.

खट्.

जमादार बाहेर आले आणि कोपऱ्यावर टांग्याचे घुंगरू वाजले. फौजदार आबासाहेब उतरले तेव्हा जमादारांनी सलाम ठोकला. टोपीला चुना आणि मिशीला ठेचा.

"कोठडी उघडी कशी?"

"साहेब, गावात गुन्हाच न्हाई."

"आणि हा कोण?" आबासाहेबांनी नबीलालच्या हातातल्या काडीकडं बोट केलं. 

जमादारांनी मिशीचा ठेचा पुसला. "छत्रीवाला, साहेब. सरकारी कामात मदत करतो. लई भला मानूस हाय."

आठ दिवसांनी जमादार स्वतः नबीलालच्या दारात आले, बिनाटोपीचे. हातात नवंकोरं कुलूप, सहा खिट्ट्यांचं, मुंबईहून मागवलेलं. सोबत दोन किल्ल्या. "तुमा दोघांमुळं भाकरी राहिली माझी," ते शरिफाला म्हणाले. मग जरा थांबून, "आन् तुमची खाल्लीबी." शरिफानं हसून चहा टाकला.

जमादार गेल्यावर नबीलाल कुलूप हातात घेऊन बसला. किल्ली घातली, फिरवली, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा किल्लीनं उघडलं. "झ्याक हाय," तो म्हणाला, पण तोंड उतरलेलं. शरिफानं ते चुलीपासून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नदीवरून धुणं धुऊन ती परत आली तेव्हा नबीलाल घर धुंडाळत होता.

"आगं, किल्ल्या कुठं हायेत?"

"नदीत."

"दोनी?"

"दोनी. मधोमध फेकल्या, खोल पान्यात."

नबीलाल तिच्याकडं बघतच राहिला.  मग त्यानं विचारलं, "आन् कुलूप?"

शरिफानं ओल्या हातानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडं बोट केलं. कुलूप पेटीला लागलेलं होतं.

"तुमचा नवा सदरा त्यात हाय. तीन हप्त्यांवर बकरी ईद आली." ती धुणं वाळत घालायला वळली. "आन् माझं नवं लुगडंबी त्यातच ठिवलंय."

नबीलालनं काडी उचलली.